आधी वावरात काय होतं?

उन्हाळ्यात आमच्या गावी, वाशीम जिल्ह्यात, मारुतीच्या पारावर शेतीवरची सभा भरली होती. वक्ते दोन. एकाकडे उत्पादनाचे आकडे, दुसऱ्याकडे शेण-गोमूत्राच्या जीवामृताचा निळा ड्रम. दीड तास दोघांनी एकमेकांची धुलाई केली. शेणावर देश पोसला जात नाही, असं एक म्हणाला. युरियानं माती मारली, असं दुसरा. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. शेवटी पाराच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "हे सारं बराबर हाय भाऊ, पन तुमी ज्या वावराचं सांगून रायले त्यात आंदी काय होतं? बेवड कायचा होता?" वक्ते हसले, "काका, तो वेगळा विषय आहे" म्हणाले, आणि आभाराचा नारळ पुढे आला.

तो वेगळा विषय नाही. मूळ विषय तोच आहे. शेती न करणाऱ्यांसाठी सांगतो: बेवड म्हणजे आधीच्या पिकानं जमिनीत मागं सोडलेलं सगळं. धसकटं, गळालेली पानं, मुळांनी पाडलेल्या वाटा, त्या पिकानं खाल्लेलं आणि न खाता ठेवलेलं. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा जड, असं आमच्याकडे शाळेत न गेलेला माणूसही सांगतो. आपला सार्वजनिक वाद मात्र वरून काय ओतायचं एवढ्यावरच अडला आहे. गोणी युरियाची की गांडूळखताची, डबा कीटकनाशकाचा की जिवाणूंचा. माझं म्हणणं असं, की जमिनीचा कस पहिल्यांदा ठरतो तो तिच्यात कुणाची मुळं, किती खोल आणि वर्षातले किती महिने नांदतात यावर. हे न विचारता चाललेल्या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरतात, आणि शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

असा घोळ याआधीही झालेला आहे. १८४० साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं मांडलं की झाडं कुजका पालापाचोळा खात नाहीत, खनिजं घेतात. ते बरोबर होतं. पण नत्राच्या (नायट्रोजनच्या) बाबतीत हवेतला अमोनिया पिकांना पुरतो असा त्याचा आग्रह होता. इंग्लंडात रोथॅमस्टेडला लॉझ आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून शेतात प्रयोग लावून दाखवलं, की गव्हाला नत्र बाहेरून द्यावंच लागतं. दोन्ही गट वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर. गंमत म्हणजे बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३८ मध्येच मोजून ठेवलं होतं की क्लोव्हर हा चारा आणि वाटाणा कुठून तरी जादा नत्र आणतात, गहू आणत नाही. म्हणजे प्रश्न 'नत्र हवेतून की मातीतून' असा नव्हताच, 'कुणाच्या मुळांनी' असा होता. उत्तर आलं १८८६ साली, हेलरीगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांकडून: द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी, आणि त्यात राहणारे जिवाणू. त्या गाठी काही लपलेल्या नव्हत्या. सतराव्या शतकात माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञानं त्यांची चित्रंसुद्धा काढली होती. युरोपातली सगळ्यात हुशार डोकी पन्नास वर्षं भांडत होती आणि उत्तर मुळाला लोंबत होतं. आजच्या आपल्या वादाची जात याहून वेगळी आहे का?

गाठ प्रत्यक्ष पाहण्यासारखी असते. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, वाफसा, म्हणजे बेताची ओल, असताना, सोयाबीनचं एक झाड खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट उचला. ओढून काढलंत तर गाठी मातीतच राहतील. बादलीत पाण्यात बुडवून माती सुटू द्या. मग ज्वारीच्या दाण्याएवढी एखादी गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-तांबडा रंग दिसला तर काम चालू आहे. आपल्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं त्याच्याच कुळातल्या द्रव्याचा तो रंग. आत हिरवट किंवा पांढरं निघालं तर गाठ नावालाच आहे. हाच प्रयोग पेरताना मुठीनं युरिया फेकलेल्या पट्ट्यात करा, गाठी थोड्या आणि बारीक सापडतील. त्यात झाडाचा व्यवहार चोख आहे. जिवाणूंना साखर घालून नत्र विकत घ्यायचं, ते बाहेर फुकट मिळत असेल तर कशाला घ्यायचं? खत आणि मूळ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाचा निर्णय दुसऱ्याला बदलतो, हे त्या बादलीत दिसतं. ते सभेत दिसलं नाही.

हरभऱ्याचं बघा. पौषात पहाटे हरभऱ्यातून चालत गेलं की पाय चुरचुरतात. आमच्या आजीच्या काळी बायका रात्री पिकावर पांढरं फडकं पसरायच्या, पहाटे दवानं भिजलेलं ते फडकं पिळून 'आंब' बाटलीत भरायच्या आणि पोट दुखलं की पाण्यात चार थेंब द्यायच्या. जिभेवर ठेवली तर दात आंबतील अशी ती असते, कारण तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात. जे झाड पानांवर एवढं आम्ल सोडतं ते जमिनीखाली गप्प बसत नाही. हरभऱ्याची मुळंही सायट्रिक, मॅलिक अशी आम्लं पाझरतात आणि काळ्या जमिनीत कॅल्शियमशी जखडून बसलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा करून घेतात. आपण पेरणीसोबत टाकलेल्या डीएपी खतातला स्फुरद पहिल्या हंगामात पीक उचलतं तो जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचा मातीत बांधला जातो. चाळीस वर्षं डीएपी खाल्लेल्या वावरात तो साठत आला आहे, आणि त्याची किल्ली हरभऱ्यासारख्या मुळांकडे आहे.

पण किल्ली प्रत्येक कुलपाला चालत नाही, आणि इथं मला आमच्या बाजूच्या, म्हणजे 'डाळी लावा, जमीन सुधारेल' म्हणणाऱ्यांच्याही, कानाला थोडं धरायचं आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, लाल जमिनीच्या कुंड्यांत स्फुरद न देता तूर, सोयाबीन, ज्वारी, बाजरी, मका लावली. बाकीची पिकं खुरटली, तूर वाढली. लाल मातीत स्फुरद लोहाशी बांधलेला असतो; तुरीचं मूळ पिसिडिक आम्ल सोडतं आणि ते आम्ल लोहाला धरून स्फुरद सोडवतं. काळ्या मातीत मात्र तुरीची ही किमया चालली नाही, कारण तिथलं कुलूप लोहाचं नाही, कॅल्शियमचं. म्हणजे 'तूर जमीन सुधारते' हे वाक्य लाल मुरमाड रानात एका कारणानं खरं आहे आणि आमच्या भारी काळ्या वावरात दुसऱ्याच कारणानं: तिथं तिचं सोटमूळ दीड-दोन मीटर खाली जातं, पावसाळा संपल्यावरही काही महिने जिवंत राहतं आणि ओंजळ-ओंजळ पान खाली गाळत जातं. कोणतं मूळ, कोणत्या मातीत, हे न सांगता केलेली शिफारस मग ती कितीही हिरवी असो, अंदाजपंचे असते.

आता रासायनिक बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण ते बरोबर आहे. मुळं स्फुरद, पालाश (पोटॅश), जस्त घडवत नाहीत, फक्त शोधून आणतात. जे वावरातून बाहेर गेलं ते कधी ना कधी परत द्यावं लागतं. साधा हिशेब करू. एकरी आठ क्विंटल सोयाबीन झालं. दाण्यात प्रथिनं चाळीस टक्के धरली तर क्विंटलमागं सहा किलोवर नत्र, आठ क्विंटलांत पन्नासेक किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २१ किलोच्या आसपास. म्हणजे जवळपास अडीच गोण्या युरियाचं नत्र ट्रॉलीत बसून बाजार समितीत जातं. सोयाबीन आपल्या गरजेच्या साधारण निम्मं ते साठ टक्के नत्र हवेतून मिळवतं, उरलेलं जमिनीतूनच उचलतं. वर कुटारही (मळणीचा भुसा) घरी नेलं तर जमिनीला मिळालं कमी आणि गेलं जास्त असं अगदी सहज घडतं. द्विदल म्हटलं की जमीन श्रीमंत झाली असं समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदाच्या चिटोऱ्यावर मांडून बघावा. आणि खत एका फटक्यात बंद केल्यावर काय होतं ते श्रीलंकेनं दाखवलं आहे. २०२१ च्या वसंतात तिथं रासायनिक खतांची आयात थांबवली, भात आणि चहा दोन्ही घसरले, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत निर्णय मागं घ्यावा लागला.

तर मग बेवडाला काय अर्थ उरतो? हा, की वरच्या हिशेबात एक खातं लिहिलंच जात नाही, गळतीचं. दिलेल्या नत्रातलं निम्मं, पुष्कळदा निम्म्याहून कमी, पिकाच्या पोटात जातं. उरलेलं हवेत उडतं, पाण्याबरोबर खाली उतरतं, किंवा आठवडाभर झड लागून वावर चिभडलं की वायू होऊन निघून जातं. किती गळेल हे गोणी ठरवत नाही. त्या वेळी जमिनीत कोणाची मुळं आहेत ते ठरवतं. ज्वारीच्या मुळांवर चिकट थेंब असतात, त्यात सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य असतं. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ते आवर घालतं. जपानच्या संशोधकांनी ज्वारीत आणि ब्राकियारिया गवतात हा गुण बारकाईनं अभ्यासला आहे. नत्र अमोनियाच्या रूपात असलं की मातीच्या कणांना धरून राहतं, नायट्रेट झालं की पाण्याबरोबर निसटतं. म्हणजे ज्वारी नत्र देत नाही, पण असलेलं जाऊ देत नाही. आणि हेच सॉर्गोलिओन तणांना आणि शेजारच्या रोपांनाही खुरटवतं, शिवाय ज्वारीची लाकडी धसकटं कुजताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून घेतात. म्हणून पुढच्या पिकाला पिवळेपणा. 'ज्वारीचा बेवड जड' या तीन शब्दांत एवढं सगळं आहे. म्हाताऱ्याला रसायनाचं नाव माहीत नव्हतं, पण निष्कर्ष पक्का होता.

दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे. एकरी दोनशे लिटर जीवामृतात दहा किलो शेण, साधारण तेवढंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती असते. त्यातलं सगळं नत्र मोजलं तर पाव किलोच्या आसपास भरेल. रासायनिकवाले हा आकडा दाखवून हसतात. पण नैसर्गिक शेतीवाले त्याला खत म्हणतच नाहीत, विरजण म्हणतात. आणि विरजण चमचाभरच लागतं हे कुठल्याही घरात माहीत असतं. ही उपमा मला मनापासून आवडते, म्हणूनच ती शेवटापर्यंत नेतो: दूध कुठं आहे? मातीतल्या जिवाणूंचं आणि बुरशीचं दूध म्हणजे जिवंत मुळातून पाझरणारी साखर. झाड पानात बनवलेल्या अन्नातला दहा-वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा मुळांवाटे असा मातीत सोडतं, म्हणून मुळाला लागून असलेल्या मातीत जी गजबज असते ती चार बोटं पलीकडे नसते. त्या गजबजलेल्या मातीला १९०४ साली हिल्टनर या जर्मन संशोधकानं वेगळं नावही दिलं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगून झालं, की आमच्याकडची कोरडवाहू वावरं पुढच्या मृगापर्यंत उघडी पडतात. आठ महिने. वैशाखात त्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. तिथं जीवामृत ओतणं म्हणजे रिकाम्या मडक्याला विरजण लावणं.

ही नुसती उपमा नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्स भागातली जमीन आपल्यासारखीच, काळी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिथले शेतकरी ओल साठावी म्हणून वर्षभर वावर स्वच्छ, तणविरहित पडीक ठेवत. मग पेरलेलं पीक पिवळं, बुटकं राही. स्फुरद आणि जस्त कमी पडल्याची लक्षणं, तेही त्या जमिनीत जिथं आदल्या पिकाला ते पुरत होतं. कारण शेवटी सापडलं: मुळांना जोडून राहणारी आणि लांबून स्फुरद-जस्त आणून देणारी बुरशी जिवंत मूळ नसल्यानं उपाशी राहून विरळ झाली होती. त्या आजाराला तिकडे 'लांब पडीकाचा विकार' अशा अर्थाचं नावच आहे. मातीत अन्न होतं, आणून देणारा हमाल मेला होता. आमच्या पट्ट्यात स्वच्छ, बारा वेळा वखरलेलं वावर हे आजही चांगल्या शेतकऱ्याचं लक्षण मानतात. मीही मानत होतो.

कर्बाचं तसंच. 'सेंद्रिय कर्ब वाढवा' ही आता सरकारी भिंतींवरची घोषणा झाली आहे. त्यासाठी वरून ट्रॉलीभर शेणखत टाका, असं सांगतात. ज्यांच्या गोठ्यात दोन बैल होते त्यांच्याकडे आता ट्रॅक्टर आहे, शेणखताची ट्रॉली आणायची कुठून? उलट मोजमापं सांगतात की मुळांतून आलेला कर्ब वरून पडलेल्या काडीकचऱ्याच्या कर्बापेक्षा मातीत दुपटीहून अधिक टिकतो. तो खोल असतो, मातीच्या कणांत गुंतलेला असतो. अमेरिकेच्या मैदानांवर हजारो वर्षं गवत होतं. नेब्रास्काचा वीव्हर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ पुरुषभर खोल चर खणून त्या गवतांची मुळं एकेक करून कागदावर उतरवत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हाच्या भावापायी ती मैदानं नांगरली गेली, मग दुष्काळ आला, आणि १४ एप्रिल १९३५ च्या दुपारी धुळीच्या भिंतीनं दिवसाची रात्र केली. माती तीच होती. तिला धरून ठेवणारं गेलं होतं. आमच्याकडे मारवेल, पवन्याची कुरणं मोडून किती वर्षं झाली?

वाणांच्या निवडीतही हाच आंधळेपणा आहे. नवीन वाण संशोधन केंद्रावर तपासला जातो तो बहुधा पूर्ण शिफारशीच्या खतावर. ताटात वाढून ठेवलेलं असेल तर हात लांब करायची गरज कुणाला? अशा चाळणीतून मुळांचे आळशी वाण वर येतात आणि शोधक मुळांचे गळतात, कुणी मुद्दाम गाळत नसतानाही. २०१२ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कसालथ या जुन्या भारतीय भातातला एक जनुक वेगळा काढला. तो रोपाची मुळं लवकर आणि भरपूर वाढवतो, त्यामुळं स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही पीक तग धरतं. ज्या जपानी भाताचा संपूर्ण जनुकसंच जगानं आदर्श म्हणून वाचला त्यात हा जनुक नव्हताच, आणि स्फुरदाची टंचाई न सोसणाऱ्या आधुनिक वाणांतही नव्हता. म्हणजे गुण हरवला होता आणि हरवल्याचं कळायलाही जुना भात जपून ठेवलेला असावा लागला. आमच्या मालदांडी ज्वारीच्या मुळांत काय काय आहे, पाऊस गेल्यावर उतरत्या ओलीच्या मागं ती इतकी खाली कशी जाते, हे आपण कणसाच्या वजनाइतक्या बारकाईनं कधी मोजलं?

एक आक्षेप मला खरोखर अडवतो. 'शेतकऱ्याला हे कळत नाही का? त्यानं ज्वारी सोडून सोयाबीन धरलं ते मूर्खपणानं?' नाही. सोयाबीन शंभर दिवसांत हातात येतं आणि दिवाळीला रोख पैसे देतं. ज्वारीला पाखरं राखावी लागतात, कडबा कापायला मजूर लागतात, आणि खरिपाच्या ज्वारीचा दाणा ओला झाला की काळा पडतो. तूर डिसेंबरपर्यंत एकटी उभी राहिली तर रोही (नीलगाई) आणि रानडुकरं ती आपलीच समजतात. शेजाऱ्याचं सोयाबीन निघालं की मोकाट गुरं सुटतात. त्या गुरांत एकट्याची हिरवी पट्टी म्हणजे गावजेवणाचं आमंत्रण. हिवाळाभर मूळ जिवंत ठेवणं हा एका शेतकऱ्याच्या शहाणपणाचा प्रश्न उरत नाही. गावानं गुरं बांधायचा ठराव केला तर तो सुटतो, एकट्यानं कुंपण घातलं तर कर्ज वाढतं. बांधावरची बाभूळ नत्र देते हे खरं, पण तिच्या वसव्यात, म्हणजे सावलीत, चार ओळी खुरटतात आणि त्या ओळींचं नुकसान ज्याच्या वाट्याला येतं तोच कुऱ्हाड उचलतो. म्हणून मी बेवड हा सार्वजनिक प्रश्न म्हणतो. वैयक्तिक असता तर बांधावरच मिटला असता.

आणि सार्वजनिक पैसा कुठं जातो ते बघा. युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट. २०१० साली स्फुरद-पालाशाचं अनुदान अन्नघटकांनुसार केलं, युरिया त्यातून वगळला, म्हणून तो इतका स्वस्त की मूठ सैल सुटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर झालं, २,४८१ कोटींचं. त्यातला ठळक भाग म्हणजे दहा हजार जैविक निविष्ठा केंद्रं. म्हणजे पुन्हा निविष्ठाच, वरून ओतायचं काहीतरी. गोणीऐवजी ड्रम. २०१५ पासून आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा घटक असतात, नमुना घेतात वरच्या पंधरा सेंटिमीटरांतून. पुरती वीतसुद्धा नाही. तूर जिथून पाणी पिते तिथली माती त्या कागदावर येतच नाही. मी खत बंद करा म्हणत नाही, जीवामृताला हसा असंही म्हणत नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन ओळींची पद्धत कृषी विद्यापीठानं कधीचीच सांगितली आहे. ती करणाऱ्याची तूर फेब्रुवारीत वेळेवर खरेदी झाली, खरिपाच्या ज्वारीला भावाचा भरवसा मिळाला, आणि वाणांच्या चाचणीत एक पट्टा बिनखताचा ठेवून मुळं खणून बघितली, तर यातलं कोणतंही काम युरियाच्या अनुदानाइतकं महाग नाही.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव दोन्ही बाजू घेतात, एक आदरानं आणि एक कुत्सितपणे. होळकरांच्या इंदूरला १९२४ नंतर त्यांनी जी कंपोस्टची पद्धत बसवली तिच्यामुळं ते सेंद्रिय शेतीचे आजोबा झाले. पण त्याआधी, १९०५ पासून, ते बिहारमध्ये पुसाला सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि पत्नी गॅब्रिएल यांच्यासह वर्षानुवर्षं करत काय होते? फळझाडांची मुळं उघडी करून बघत होते: कोणतं झाड खालच्या थरात जातं, कोणतं वर पसरतं, गवताखाली कोणतं मरतं आणि कोणतं तगतं. त्यांचा उकिरडा जगानं उचलला. त्यांचा चर बुजला.

गेल्या महिन्यात मी आमच्या वावरातला मातीचा नमुना द्यायला गेलो. तुरीचे खुंट अजून उभे होते, मुद्दाम उपटले नव्हते. विळ्यानं कापून घेतले, मूळ खालीच कुजू दे म्हणून. पाच ठिकाणची माती घमेल्यात कालवली, चार भाग केले, समोरासमोरचे टाकले, अर्धा किलो पिशवीत भरली. चिठ्ठीवर 'मागील पीक' अशी जागा होती. मी लिहिलं: सोयाबीन, तूर, चारास दोन ओळी, कडेला एक पट्टा हरभरा. खिडकीतल्या पोरानं चिठ्ठी परत सरकवली. "काका, एकच लिहा. इथं एकच बसते."